आईचा कान

प्रिय आई,

हे पत्र आणि सोबतची पिशवी आज दुपारच्या बसने पाठवतेय. ड्रायव्हर आपल्या पुलापाशी थांबेल. चारच्या सुमाराला बा मावशीला तिथे उभी कर. पिशवीतली सुकवलेली चिंच तिची, हलक्या चपला तुझ्या. पत्र मात्र तिच्या हातात देऊ नकोस. तुझी सख्खी बहीण आहे, माझाही तिच्यावर जीव आहे, पण एखादी गोष्ट तिला कळली की अंधार पडायच्या आत ती कालव्याच्या दोन्ही काठांना कळलेली असते. तू स्वतःच वाच. भट्टी विझली की ओट्यावर बस, चष्मा लाव आणि सावकाश वाच. मी बरी आहे, वेळेवर जेवतेय, आज सकाळीच सायगॉनला हानच्या आत्याकडे उतरलेय. बाकीची मंडळी गावी निघाली आणि मी इथे तीन दिवस का थांबणार आहे, ते शेवटी सांगते. आधी बँकॉकला काय झालं ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर आपल्या अंगणापासूनच सुरुवात करावी लागते.

मला कळायला लागलं तेव्हापासून तुझा कान हीच आपल्या घरची मिरवायची गोष्ट. कुणाकडे दोन मोटारसायकली होत्या, कुणाकडे पूर्वजांचा सागवानी देव्हारा, आपल्याकडे तुझा कान. तांदळाचा पापड वाळत आला की बांबूच्या ताटीपासून सुटताना बारीक तटतट वाजतो, आणि ताटी तेव्हाच सावलीत घ्यावी लागते. जरा लवकर घेतली तर पापड चिकटून फाटतो, जरा उशीर झाला तर तडकतो. बाकीच्या बायका दहा वेळा उठून हात लावून बघायच्या. तू भट्टीकडे तोंड करून पीठ पसरत बसलेली असायचीस, आणि मध्येच उठून चाळीस ताट्यांमधल्या नेमक्या एका ताटीपाशी जायचीस. पलीकडच्या काठावरून बायका होडी पाठवायच्या, "ये ना गं, जरा आमच्या ताट्या ऐकून जा." तू आढेवेढे घ्यायचीस, "माझी काय कान भाड्याने द्यायची टपरी आहे?" आणि लगेच टोपी डोक्यावर घालून होडीत बसायचीस. बाबा तांदळाच्या बोटीवरून पंधरा दिवसांनी घरी आले की तुझी नक्कल करायचे, भिंतीला कान लावून म्हणायचे, "शेजारच्यांचा भात शिजला." गेली तीन-चार वर्षं मात्र तू होडी परत पाठवायला लागलीस. गुडघे दुखतात म्हणायचीस. मला ते खरं वाटलं.

मग फुओक सरांनी वर्गात त्या स्पर्धेचं सांगितलं. दहा देशांची शाळकरी मुलं, स्वतः चालणारी यंत्रं, आणि यंदाचा विषय होता 'घरातलं एक काम यंत्राला शिकवा'. पहिल्या तीन संघांतल्या मुलांना आपापल्या देशातल्या चांगल्या कॉलेजात थेट प्रवेश, आमच्यासाठी तो सायगॉनच्या इंजिनिअरिंगचा. मला ती जागा हवी होती, आई. इतकी हवी होती की तुझ्यापाशीसुद्धा मी कधी मोकळेपणी बोलले नाही. ती मिळाली नसती तर मावसबहिणींसारखं मीही जूनपासून कोळंबीच्या कारखान्यात पांढरी टोपी घालून उभी राहिले असते. वाईट काही नाही त्यात, पण मला तिथे उभं राहायचं नव्हतं. मी, खोई आणि हान, असे आम्ही तिघं. खोई म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांचा मुलगा, कॉम्प्युटरपुढे बसला की त्याला भूक लागत नाही. आणि हान तुझी लाडकी, तुझ्या मते आमच्यातली एकटी शहाणी मुलगी. यंत्र काय बनवायचं ते मी एका क्षणात सांगितलं. रुळांवर ताट्या ठेवायच्या, प्रत्येकीखाली एक माइक, पापड तटतटला की मोटर ती ताटी आपोआप सावलीत ओढून घेईल. यंत्राला तुझा कान द्यायचा. पोस्टरवर मोठ्या अक्षरात नावही तेच लिहिलं, 'आईचा कान'. ते पोस्टर तुला दाखवलं तेव्हा तू खूप वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अक्षर छान आलंय." मला वाटलं, लाजलीस.

यंत्राला शिकवायचं तर कुणीतरी दाखवून द्यायला हवं होतं, की बघ, हा झाला, आता हा झाला. म्हणून मी तुझ्या कमरेला ते लाल बटण बांधलं. सणाच्या आधीचा महिना, तुला मान वर करायला फुरसत नाही, आणि त्यात माझं हे खूळ. तू कुरकुरलीस, "आधीच मला दोन हात कमी पडतात, त्यात हे तिसरं काम." मी म्हटलं, "ऐकू आलं की दाबायचं, एवढंच तर आहे." तू माझ्या तोंडाकडे जरा बघत राहिलीस आणि विचारलंस, "पापड झाला की दाबू ना?" मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं, "हो गं, तेच ते." आई, तेच ते नव्हतं. तू विचारलंस ते बरोबर होतं, आणि उत्तर देताना मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तू पुढचा सगळा महिना बटण दाबलंस, तेराशे शेहेचाळीस वेळा. पाहुणे आले तरी, ताप आला होता त्या दोन दिवसांतही. बा मावशी म्हणायची, "पोरीनं आईला रिमोट करून टाकलं," आणि तू फक्त हसायचीस.

बँकॉकचा हॉल म्हणजे आपल्या बाजाराच्या दसपट आणि गोंगाट त्याच्याही दसपट. आमच्या डाव्या हाताला फिलिपिन्सच्या मुलांचं नारळ सोलायचं यंत्र होतं. मुलं इतकी गोड, पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आम्हाला खाऊ दिला. पण त्यांचं यंत्र सुरू झालं की जमीन हादरायची, धाड, धाड, धाड. पहिल्या दिवशी रंगीत तालीम होती. हानने तिथेच पीठ वाफवून पापड घातले, ताट्या तापलेल्या दिव्यांखाली ठेवल्या. शेजारी नारळ फुटला आणि आमच्या यंत्राला वाटलं, सगळेच पापड झाले. पाचही ताट्या एकदम धावत सावलीत गेल्या आणि ओला पापड उडून परीक्षक बाईंच्या बुटावर बसला. बाई जपानच्या, फार सभ्य. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून परत ताटीवर ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. खरी चाचणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. पाचांपैकी चार ताट्या वेळेवर आत घ्यायच्या, कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं तर गाशा गुंडाळून घरी. फुओक सर आम्हाला धीर देत होते, पण त्यांचा स्वतःचा चहा तसाच गार होत होता.

त्या दुपारी हॉलच्या कँटीनमध्ये आम्ही सगळी नोंद पुन्हा उघडून बसलो. आवाजाला अडथळा आहे हे दिसतच होतं, पण खोई भलत्याच गोष्टीवर अडून बसला होता. मग म्हणाला, "वी, मी एक गाढवपणा केलाय. रागावू नकोस." झालं असं होतं, की तुझं बटण दर वेळी आवाजाच्या आधी दाबलेलं होतं. कधी वीस सेकंद आधी, कधी चाळीस. खोईला ते महिन्यापूर्वीच दिसलं होतं. त्याला वाटलं, बटणाचं घड्याळ मागे आहे. म्हणून त्याने तुझ्या तेराशे शेहेचाळीस नोंदी परस्पर अर्धा मिनिट पुढे सरकवून टाकल्या. मला विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तर मी हेच म्हटलं असतं, की सरकव. कारण आई ऐकूनच ओळखते हे आख्ख्या कालव्याला ठाऊक होतं. तू ऐकूनच दाबतेस हे आम्ही गृहीत धरलं आणि दोष घड्याळाला दिला. आमचं यंत्र घरीसुद्धा दहापैकी सातच ताट्या नीट का घ्यायचं, आणि आम्ही वाऱ्याला का शिव्या द्यायचो, ते तेव्हा कळलं.

"पण आवाजाच्या आधी तिला कळतं कसं?" हानने विचारलं. मग आम्ही अंगणातले व्हिडिओ काढले. मी ते शंभरदा बघितले होते, पण ताट्यांकडे बघत. या वेळी तुझ्याकडे बघितलं. तू रांगेतून चालतेस, वाकतेस, उजेडाच्या रेषेत डोळे आणून पापडाची कड बघतेस, ताटीखाली दोन बोटं टेकवतेस, मग बटण दाबतेस. आणि मग तू पुढे निघून गेल्यावर, तुझ्या पाठीमागे, तो पापड तटतटतो. तू वळत नाहीस. पुढच्या एका व्हिडिओत आपलं बदक तांब्याची परात पाडतं. खणखणाट होतो, बा मावशी किंचाळते, हान कॅमेऱ्यामागून दचकते, शेजारचं कुत्रं पळतं. तू पीठ पसरत राहतेस. तुझा हात थरथरलासुद्धा नाही. तो व्हिडिओ घरी बघताना आम्ही बदकाला हसलो होतो.

कँटीनमध्ये कुणी हसलं नाही. खोईने लॅपटॉप हळूच मिटला आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेला. मला आधी राग आला, तो तुझाच. माझ्या आईने मला एवढंही सांगितलं नाही. मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि राग माझ्याकडे वळला. टीव्ही मोठ्याने लावतेस म्हणून मी कटकट करायचे. लग्नांना जाणं तू बंद केलंस. होडी परत पाठवायचीस. काहीही सांगितलं तरी हसून मान हलवायचीस, आणि मी समजायचे की आईला माझं सगळं पटतं. चार वर्षं मी स्वयंपाकघराच्या दारातून, पाठमोरी, लॅपटॉपमध्ये तोंड घालून तुझ्याशी बोलत आले. आणि ज्या घरात तुझा कान मिरवला जातो, त्या घरात तू कुणाला काय सांगणार होतीस? त्यात मी पोस्टर छापून आणलं.

पण आई, रडायलाही वेळ नव्हता. यंत्राच्या डोक्यावर आम्ही एक छोटा कॅमेरा बसवला होता, नुसता अहवालात फोटो लावायला, तो महिनाभर अंगणातही चालू होता. खोईने तुझ्या नोंदी परत जागच्या जागी आणल्या आणि प्रत्येक बटणाच्या वेळेचा फोटो शोधायला लागला. दोनशे फोटो बघितले. दोनशेच्या दोनशे फोटोंत पापडाची कड बांबूपासून भाताच्या दाण्याएवढी उचललेली. त्याहून कमी नाही, जास्त नाही. खोई म्हणाला, "वी, तुझी आई माणूस नाही, मोजपट्टी आहे." आम्ही माइक उपटून टाकले. कडेच्या बाजूने एक बारीक दिवा आणि समोर उजेड ओळखणारं भिंग, दाण्याच्या उंचीवर. कड उचलली, उजेड अडला, की ताटी आत. दिवे आमच्याकडे तीनच होते. उरलेले दोन त्या नारळवाल्या मुलांनी त्यांच्या यंत्रातून काढून दिले आणि वर म्हणाले, "आम्हीच तुम्हाला बहिरं केलं, मग डोळे तरी घ्या." त्यांना माहीत नव्हतं ते काय बोलतायत. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

चाचणीला मी यंत्रापुढे उभी राहिले, हात मागे बांधून. शेजारी धाड धाड चालूच होतं. पहिली ताटी आत गेली. दुसरी. तिसरीला इतका उशीर झाला की सरांनी डोळे मिटून घेतले, पण तिची कडच उचलली नव्हती, यंत्र बरोबर थांबलं होतं. तीही गेली. चौथीही गेली. पाचवीची दोरी अडकली, ती तिथेच तडकली. चार झाल्या. जपानी बाईंनी चारही पापड उजेडासमोर धरून बघितले, मग पोस्टरकडे बोट दाखवून विचारलं, "इथे आईचा कान लिहिलंय. यात कान कुठे आहे?" खरं उत्तर द्यायचं तर, आई, तुझं गुपित सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचा हक्क तुझा. मी म्हटलं, "ही आमची चूक आहे. आई कशी ओळखते, हे आम्ही तिला कधी विचारलंच नाही, आपल्याला माहीत आहे असं समजलो. तिने आम्हाला बरोबर शिकवलं होतं, आम्ही ते दुरुस्त करायला गेलो." हानने पेनने 'कान' खोडून वर 'नजर' लिहिलं. बाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा." तो या पत्रातून पोचवतेय.

माझे आभार तू कधी ऐकून घेत नाहीस. म्हणतेस, घरात कसले आभार, आपण काय परके आहोत. पण कागदावर तुला मला थांबवता येणार नाही, म्हणून लिहिते. ऐकू येणं कमी झालं तेव्हा तू हातपाय गाळून बसली नाहीस. कुणाला न विचारता, कुणाला कळू न देता, डोळ्यांनी आणि बोटांनी तेच काम नव्याने शिकलीस, इतकं चोख की कुणाला फरकच कळला नाही. आणि ते नवं शिकलेलं सगळं मला देऊन टाकलंस, एक एक बटण दाबून. कंटाळून एखादं उगाच दाबलं असतंस तर कुणाला समजलं असतं? मी तुला दुसऱ्याच कशाचं श्रेय देत होते, आणि तू माझ्या पोस्टरला गालबोट नको म्हणून तेही मुकाट्याने घेतलंस. मी तुझी ऋणी आहे, आई, आणि हा शब्द मी पुस्तकातून घेतलेला नाही.

आता रागावू नकोस, मी एक गोष्ट तुला न विचारता केलीय. हानची आत्या इथल्या कानाच्या दवाखान्यात नर्स आहे. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. बुधवारी मी घरी येते आणि तुला घेऊन निघते. बा मावशीला काय वाटेल ते कारण सांग, बाबांना मी सांगेन. आत्या म्हणाली, आधी तपासणी होते. कानाला यंत्र लावतात आणि हातात एक बटण देतात, आवाज आला की दाबायचं. तिथे तरी डॉक्टरच्या तोंडाकडे बघून दाबू नकोस. नाही आलं ऐकू, तर नाही दाबायचं. माझी मान खाली जाणार नाही.

आणि हे सगळं पत्रात का? काल संध्याकाळी निकाल लागला. मी आनंदाच्या भरात सगळं विसरले आणि सवयीने तुझा नंबर फिरवला. हॉलच्या दारात उभी राहून जीव तोडून ओरडले, "आई, निकाल लागला!" तू म्हणालीस, "हो हो. भात खाल्लास ना?" मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. तू म्हणालीस, "कोंबड्या बऱ्या आहेत, काळजी करू नकोस." एरवी मी रुसून चार दिवस अबोला धरला असता. काल फक्त म्हटलं, "खाल्ला, आई," आणि फोन ठेवला. सरांना कळलंय, शाळेला कळलंय, नारळवाल्या मुलांनी तर मला उचलून घेतलं होतं. उद्यापर्यंत बा मावशीलाही कळेल. फक्त जिच्यामुळे हे झालं तिलाच मी दोनदा सांगूनही अजून माहीत नाही, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. पुढचे तीन दिवस मी इथे कागदांवर सह्या करायला थांबणार आहे. आई, आम्ही दुसरे आलो. सायगॉनची जागा मला मिळाली.

तुझीच,
वी